सातमाशी लेकरू आणि वारं गेलेला हात : मेंदू-हालचालीबद्दल सारखे येणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे, अंबाजोगाई-केज-धारूर भागात काम करायलेय त्याला आता बारा वर्षं होतील. फोनवर येणारे निम्मे प्रश्न दिवस भरायच्या आधी झालेल्या लेकरांचे असतात, निम्मे वारं गेलेल्या, म्हणजे लकवा झालेल्या, आई-वडिलांचे, आणि गंमत अशी की खाली जाऊन बघितलं तर दोघांचा प्रश्न एकच निघतो. म्हणून सगळं एकाच ठिकाणी लिहिलंय, आधी साधं मग किचकट. जे एकदा सांगितलंय तिथं नंबर दिलाय, तिकडं जा. आणि हे वाचून कुणी परस्पर गोळी चालू-बंद करू नका.

१. मालिशवाल्या मावशी म्हणायल्यात लेकराच्या पायात ताकदच नाही. खरंच पाय कमजोर असतात का?

बहुतेक वेळा पाय चांगले असतात, त्यांच्यापर्यंत हुकूम पोचत नाही. विहिरीवरची मोटर उचलली नाही तर आपण लगेच मोटर खोलतो का, आधी स्टार्टर बघतो, केबल बघतो, फेज आलीय का बघतो. पाय म्हणजे मोटर, मेंदू म्हणजे स्टार्टर, मधल्या नसा म्हणजे केबल. सातमाशी लेकरू असो की लकव्याचा पेशंट, मोटर धड असते, घोटाळा वर असतो. (मोटर वर्षानुवर्षं बंद ठेवली तर ती पण जाम होते, ते प्र. १३ मध्ये.)

हुकूम देणारी पट्टी डोक्यात साधारण हेअरबँड लावतो त्या जागी असते. मधोमध वर पायाची जागा, तिथून खाली येताना हात, कानाच्या वर तोंड आणि जीभ. फ्रिट्श आणि हिट्झिग या दोघा जर्मन डॉक्टरांनी १८७० साली कुत्र्याच्या मेंदूला बारीक करंट लावून दाखवलं की ठराविक जागेला ठराविक पाय हलतो, आणि पुढं माँट्रियलच्या पेनफिल्ड सर्जननं जाग्या पेशंटच्या मेंदूचा नकाशाच काढला. त्या नकाशात बोटं आणि ओठ-जिभेनं एवढी जागा खाल्लीय की पाठीला चिमूटभरच उरते. म्हणून लकव्यात पाय आधी सुधारतो आणि बोटं शेवटपर्यंत त्रास देतात असं बऱ्याचदा दिसतं, बोटांचं काम फार बारीक असतं आणि ते जवळजवळ सगळं याच केबलीवर चालतं.

पण नुसता हुकूम देऊन भागत नाही. मागं मानेच्या वर छोटा मेंदू असतो, आकारानं छोटा पण मेंदूतल्या चेतापेशींपैकी जवळपास ८० टक्के तिथंच आहेत. तांब्या भरलेला समजून जोर लावला आणि तो रिकामा निघाला तर हात वर उडतो पण लगेच सावरतो, ते सावरणं त्याचं. आणि आत खोलवर बेसल गँग्लिया नावाच्या गाठी असतात, कोणती हालचाल सोडायची आणि कोणती दाबून धरायची हे त्या बघतात. शिवाय पायाकडून उलट खबर पण यावी लागते. पंगतीत मांडी घालून पाय बधिर झाला की उठल्यावर तो कुठं पडतोय ते कळत नाही ना, पायात ताकद आहे पण खबर नाही, तसं.

२. मार डाव्या बाजूला लागला आणि हात उजवा गेला, हे कसं काय?

मेंदूतून निघालेली केबल मणक्यात शिरायच्या जरा आधी बाजू बदलते. दहातले साधारण नऊ धागे पलीकडं जातात, उरलेले त्याच बाजूनं खाली उतरतात. त्या उरलेल्या धाग्यांचं काय ते प्र. १० मध्ये.

३. लकव्याचा हात लुळा पडायला पाहिजे, मग काही दिवसांनी कडक का होतो?

कारण मेंदूचं अर्धं काम ओढायचं नसून आवरायचं असतं. बैलाचा कासरा आठवा. कासरा फक्त बैल वळवायला नसतो, जास्त करून तो बैल उधळू नये म्हणून हातात असतो. मणक्याचे स्वतःचे काही ठरलेले प्रतिसाद असतात, स्नायू ताणला की तो उलटा आवळायचा हे त्यातलं एक, आणि मेंदू वरून त्याला दमात ठेवतो. वरचा कासरा तुटला की पहिले काही दिवस-आठवडे सगळं सुन्न, लुळं असतं, मग मणका आपल्या मनानं चालायला लागतो आणि कोपर वाकतं, मूठ आवळते, पाऊल खाली वळतं.

हा कडकपणा वेगावर असतो. हात झटक्यात सरळ करायला गेलात तर तो तितक्याच जोरात आवळेल, सावकाश केलात तर सुटेल. थंडी, ताप, रडणं, बद्धकोष्ठता, तुंबलेली लघवी, एवढंच काय बोटात रुतलेलं नख, यानं पण तो वाढतो. एकदम वाढला तर आधी पोट साफ आहे का आणि कुठं जखम आहे का ते बघा.

४. आमचं लेकरू तिसाव्या आठवड्यात झालं, काचेच्या पेटीत महिनाभर होतं. त्याच्या मेंदूत नेमकं काय होतं?

३७ आठवडे पुरे व्हायच्या आधी जन्मलं की ते दिवस न भरलेलं. यातली बरीच लेकरं पुढं नीट चालतात-पळतात, हे आधी डोक्यात ठेवा. ज्यांना त्रास होतो त्यांच्यात मुख्य दोन गोष्टी घडतात.

एक म्हणजे रक्तस्राव. मेंदूच्या मध्यात पाण्याच्या पोकळ्या असतात, त्यांच्या काठाला त्या वयात नव्या पेशी तयार करणारा एक नाजूक थर असतो, त्याच्या रक्तवाहिन्या कांद्याच्या पापुद्र्यासारख्या. ब्लडप्रेशर वर-खाली झालं की त्या फुटतात, बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांतच. रिपोर्टवर ग्रेड १ ते ४ लिहितात ते याचं. १-२ ची बरीच लेकरं चांगली निघतात, ३-४ ला काळजी जास्त.

दुसरी म्हणजे पोकळीच्या शेजारचा पांढरा भाग खराब होणं, रिपोर्टमध्ये पीव्हीएल लिहिलेलं असतं. जायकवाडीच्या कालव्यावर ज्यांचं रान आहे त्यांना सांगायला नको, वरच्या गावांचं भागतं आणि पाणी कमी पडलं की टेलची, म्हणजे कालव्याच्या शेवटाची, गावं कोरडी राहतात. त्या वयात हा भाग म्हणजे रक्तपुरवठ्याचं टेल. त्यात केबलीवर आवरण चढवणाऱ्या पेशी २४ ते ३२ आठवड्यांच्या दरम्यान अगदी कोवळ्या असतात, ऑक्सिजन कमी पडला किंवा आईला-लेकराला इन्फेक्शन झालं की त्या आधी मरतात. आणि पायाकडं जाणारी केबल नेमकी त्या पोकळीला चिकटून जाते, हाताची जरा लांबून, तोंडाची अजून लांबून. म्हणून या लेकरांचे हात बरे असतात, बोलणं बरं असतं, आणि पाय मात्र कैचीसारखे होतात, चवड्यावर चालतात. पायाला काही झालेलं नसतं, पायाची वायर वाईट जागेवरून गेलेली असते.

छोटा मेंदू पण शेवटच्या तीन महिन्यांत झपाट्यानं वाढतो, ती वाढ पेटीत पुरी करावी लागते. त्यामुळं काही लेकरं चालतात सगळी, पण शाळेत अक्षर काढणं, बटण लावणं, चेंडू झेलणं यात मागं पडतात. मास्तर आळशी म्हणतात.

५. सातवा जगतो, आठवा जगत नाही म्हणतात. मग आमचं सातव्यातलं झालं ते बरंच का?

नाही. पोटात जितके आठवडे जास्त तितकं चांगलं, यात सातव्या-आठव्याची काही भानगड नाही. उलट डॉक्टर शक्य तेवढे दिवस ढकलायला बघतात, आणि बाळंतपण ३२ आठवड्यांच्या आधी होणारच असं दिसलं तर आईला मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात, त्यानं लेकराला सेरेब्रल पाल्सी (वाढत्या मेंदूला इजा झाल्यानं राहणारा हालचालीचा दोष) व्हायचा धोका कमी होतो. फुप्फुसासाठी स्टेरॉइडचं वेगळं. सासूबाईंना सांगा, ही इंजेक्शनं नको म्हणायची नसतात.

६. लेकराचं वय कुठून धरायचं? शेजारचं तेवढंच लेकरू बसायलंय, आमचं मान पण नीट धरत नाही.

डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून धरा. तिसाव्या आठवड्यात झालं म्हणजे दहा आठवडे लवकर, तर ते सहा महिन्यांचं झालं तरी हालचालीच्या हिशोबात साडेतीन महिन्यांचंच, आणि साडेतीन महिन्याला मान नुकती स्थिर व्हायला लागते. हा हिशोब दोन वर्षांपर्यंत चालवायचा. जागतिक आरोग्य संघटनेनं निरोगी लेकरं मोजली तेव्हा आधाराशिवाय चालणं ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कधीही आलं, आणि काही लेकरं तर गुडघ्यावर रांगलीच नाहीत, सरळ उभी राहिली. म्हणून शेजारच्याशी तुलना नको.

दोन अपवाद. लसी जन्मतारखेनंच द्यायच्या, दिवस कमी भरले म्हणून लस पुढं ढकलायची नाही. आणि प्र. ८ मधल्या खुणा दिसल्या तर "वय कमी धरतोय आम्ही" म्हणून गप्प बसायचं नाही.

७. सोनोग्राफीत, एमआरआयमध्ये डाग आलाय. एकच सांगा, चालेल का?

डाग बघून कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यावर जास्त विश्वास ठेवू नका. डागाची जागा आणि आकार अंदाज देतात, तेवढंच. मला जास्त भरवशाची खूण वाटते ती बसण्याची, दोन वर्षांच्या आत आधाराशिवाय बसायला लागलेलं लेकरू बहुतेक वेळा कधी ना कधी चालतं, काठी-वॉकर घेऊन का होईना. डॉक्टर १ ते ५ लेव्हल लिहितात ती पद्धत कॅनडात १९९७ साली निघाली, लेव्हल १ म्हणजे सगळीकडं चालणारं, लेव्हल ५ म्हणजे मान सांभाळायला पण मदत लागणारं. त्याच लोकांनी पुढं शेकडो लेकरं वर्षानुवर्षं मोजली आणि दिसलं की मोठ्या हालचालींची जी काही मजल मारायची असते त्यातली साधारण ९० टक्के पाच वर्षांच्या आत मारली जाते. त्याच्यानंतर शिकत नाही असं नाही, पण वेग पहिल्यासारखा नसतो.

एक बारीक गोष्ट. टाळूतून केलेली पहिल्या आठवड्याची सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून सुटलो असं धरू नका. प्र. ४ मधल्या पांढऱ्या भागातले खड्डे दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून ती परत करायची असते.

८. काय दिसलं की थांबायचं नाही?

दुरुस्त वयानं (प्र. ६ मधल्या हिशोबानं) तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात निरोगी लेकरू उताणं पडलं की हात-पाय-मान सगळीकडं बारीक बारीक गोल गोल चुळबुळ करत असतं. बघायला काही विशेष वाटत नाही, पण ही चुळबुळ अजिबात नसणं ही सगळ्यात पक्क्या खुणांपैकी एक आहे. फोनवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा, लेकरू जागं, शांत, तोंडात काही नाही, आणि माहितगार माणसाला दाखवा. बाकी मूठ चार महिन्यांनंतर पण कायम आवळलेली, अंगठा आत, लंगोट बदलताना मांड्या फाकत नाहीत, धनुष्यासारखं मागं ताणतं, दूध सारखं ठसक्यात जातं.

आणि एक खूण अशी की लोक ती कौतुकानं सांगतात. "आमचा बाबू आत्ताच डावखुरा झालाय, सगळं डाव्यानंच घेतो." एक वर्षाच्या आत लेकरू डावखुरं-उजवखुरं नसतं. आठ महिन्याला एकच हात वापरत असेल तर दुसऱ्या हातात काहीतरी कमी आहे. सुरुवातीच्या वर्षांत माझ्यापुढं अशीच एक आई बसली होती, मी पण हसून "आजोबांवर गेला असेल" म्हणाले. ते लेकरू दीड वर्षाचं होऊन परत आलं तेव्हा उजवी मूठ उघडत नव्हती. तेव्हापासून "बघू सहा महिन्यांनी" हे मी कुणाला म्हणत नाही, तपासणी आत्ता करायची, व्यायाम आत्ता सुरू करायचा, निदान पक्कं व्हायची वाट बघत बसायची नाही.

९. पूर्ण दिवसाचं लेकरू होतं पण जन्मल्यावर रडलंच नाही. हे पण तसंच का?

जागा वेगळी असते. पूर्ण वाढलेल्या मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की फटका बहुतेक आतल्या गाठींना बसतो, त्या जास्त भुकेल्या असतात. म्हणून यांच्यात कैचीपेक्षा वेडीवाकडी, आपोआप होणारी हालचाल जास्त दिसते. जन्मानंतरची कावीळ बेफाम वाढली तरी त्याच गाठी खराब होतात, आणि ती वेळेत फोटोथेरपीनं टाळता येते.

पण "डॉक्टरनं उशीर केला म्हणूनच झालं" असं लगेच ठरवू नका. लंडनच्या लिटल नावाच्या सर्जननं १८६२ साली सेरेब्रल पाल्सीचा आजार अवघड बाळंतपणाशी जोडला, आणि सिग्मंड फ्रॉइडनं, हो तोच मनाचा डॉक्टर, आधी तो मेंदूचा होता, १८९७ मध्ये उलटा प्रश्न टाकला, की पोटातच काही बिघडलं असेल म्हणून बाळंतपण अवघड गेलं असं का नसावं. आजच्या माहितीत फ्रॉइडचं म्हणणं बरंच टिकलंय.

१०. लहान वयात मेंदू लवचिक असतो, आपोआप भरून निघतं म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. अमेरिकेत मार्गारेट केनार्ड यांनी १९३६ च्या सुमारास माकडांवर दाखवलं की लहानपणी झालेली इजा मोठेपणीच्या इजेपेक्षा कमी नडते, आणि तेव्हापासून हे वाक्य फिरतंय. नंतर दिसलं की ते सगळीकडं लागू होत नाही. बोलण्याचं तसं होतं. जन्माच्या आसपास डाव्या मेंदूत स्ट्रोक झालेलं लेकरू बहुतेक छान बोलतं, मोठ्या माणसाची मात्र तेवढ्याच इजेत वाचा जाते. हालचालीला एवढी सूट नाही, आणि प्र. ४ सारखी दोन्हीकडची इजा असेल तर अजूनच कमी.

केबलीचं आश्वासन प्र. २ मध्ये दिलं होतं. पोटात असताना मेंदूच्या दोन्ही बाजूंची केबल दोन्ही हातांपर्यंत गेलेली असते. जन्मानंतर पहिल्या एक-दोन वर्षांत त्याच बाजूची केबल बरीचशी मागं हटते आणि पलीकडून आलेली पक्की होते. कोण हटणार हे कामावर ठरतं, जिच्यावरून जास्त हुकूम जातात ती टिकते. एक बाजू जखमी असेल तर ती आधीच कमी बोलते, मग चांगली बाजू तिची जागा खाते. म्हणून काही लेकरांत चांगली बाजूच दोन्ही हात चालवते, आणि डाव्या हातानं शेंग सोलायला गेलं की उजवा हात पण हवेत शेंग सोलतो. ती खोड नाही, त्याला ओरडू नका.

११. दिवसातून दोनदा मालिश चालू आहे, टाळू भरतोय, पांगुळगाडा पण आणलाय. अजून काय करायचं?

मालिश हलक्या हातानं करा, लेकराला आणि आईला दोघींना बरं वाटतं. पण मालिशनं लेकरू चालायला शिकत नाही. १९६३ साली हेल्ड आणि हाइन या दोघांनी मांजराची दोन पिल्लं एका गोल फिरणाऱ्या दांडीला जोडली, एक स्वतःच्या पायानं चालायचं, दुसरं टोपलीत बसून त्याच्यामागं फिरायचं. दोघांनी तेच बघितलं, तेवढंच फिरली. नंतर चालणारं पिल्लू नीट पाय टाकायला लागलं, टोपलीतलं धडपडत राहिलं. आपलं लेकरू आपण दिवसभर टोपलीत बसवतो, पाय आपण हलवतो, खेळणं हातात आपण देतो, मान आपण धरतो. मेंदू शिकतो ते स्वतः केलेल्या प्रयत्नातून आणि त्यात झालेल्या चुकीतून, त्याचं खेळणं वीतभर लांब ठेवा आणि त्याला त्रास होऊ द्या थोडा.

लाकडी पांगुळगाडा, धरून ढकलायचा, तो उभं राहता येणाऱ्या लेकराला चालतो. प्लॅस्टिकचा गोल, मध्ये बसवायचा वॉकर मात्र नको, पाय चवड्यावर जातात आणि पायरीवरून उलटतो. कॅनडानं तर २००४ पासून तो विकायलाच बंदी केलीय. आणि अंग मोडून काढायची, पाय ओढून कानाला लावायची मालिश असते ती या लेकरांना बिलकुल नको, हाड मोडलेली लेकरं बघितलीत मी.

१२. आम्ही दसऱ्याला ऊसतोडीला जातो ते मार्च-एप्रिललाच येतो. तेवढे महिने व्यायाम बंदच. काय उपयोग?

हा प्रश्न बीड जिल्ह्यात मला सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर मला एका आईनंच शिकवलं. लेकराची डावी बाजू कमजोर. तिनं कोपीवरून (ऊसतोडवाल्यांची झोपडी) व्हिडिओ पाठवला, संध्याकाळ, चूल पेटलेली, लेकराच्या उजव्या हाताला तिनं नवऱ्याचा पायमोजा घालून मनगटावर सैल गाठ मारलेली आणि पुढं ताटलीत उकडलेल्या शेंगा. डावा हात जातो, शेंग निसटते, परत जातो, परत निसटते. सहा शेंगा खाली. सातवी तोंडापर्यंत गेली तेव्हा पोरगं आईकडं बघून असं काही हसलं की मागचा ट्रॅक्टरवाला पण थांबला.

हीच पद्धत मोठ्या दवाखान्यात पण वापरतात, चांगला हात ठराविक वेळ बांधून कमजोर हाताला काम द्यायचं. अमेरिकेतल्या एडवर्ड टाउब यांनी माकडांत बघितलं होतं की काही वेळा हात हलू शकतो पण वापरला तर फजिती होते म्हणून मेंदू तो वापरायचाच सोडून देतो, त्यातून ही निघाली. लेकरासाठी दिवसातून तास-दोन तास, खेळात, आणि त्या हातात थोडी तरी हालचाल असेल तरच. दोन्ही हातांची कामं पण तेवढीच उपयोगी, भाकरीचा गोळा थापणं, बाटलीचं झाकण फिरवणं. निघायच्या आधी एकदा येऊन जा, चार गोष्टी ठरवू, व्हिडिओ पाठवत राहा.

१३. बोटॉक्स, बॅक्लोफेन, बूट, ऑपरेशन यातलं काय करावं?

यातलं काहीही मेंदू दुरुस्त करत नाही, सगळं मोटर जाम होऊ नये म्हणून. बॅक्लोफेन सगळ्या अंगाचा कडकपणा कमी करतं, गुंगी येते, आणि ते एकदम बंद केलं तर झटके येऊ शकतात, म्हणून गावाला जाताना पट्टी संपू देऊ नका. बोटॉक्स म्हणजे ठराविक स्नायूत द्यायचं इंजेक्शन, असर साधारण तीन-चार महिने, आणि त्या महिन्यांत व्यायाम केला नाही तर पैसे पाण्यात. पायातला बूट दिवसा घालायचाच, कपाटात ठेवून पाऊल सरळ होत नाही.

एक गोष्ट सगळे विसरतात, खुबा. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण तीनातल्या एका लेकराचा खुबा हळूहळू सरकतो, सुरुवातीला दुखत नाही त्यामुळं कळत नाही. न चालणाऱ्या लेकरांत धोका सगळ्यात जास्त. एक्स-रे ठराविक काळानं काढत राहा.

१४. स्टेम सेल आणि ऑक्सिजन चेंबरची जाहिरात बघितली. एक एकर विकू का?

नको. आयसीएमआर म्हणजे केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या नियमावलीप्रमाणं रक्ताच्या आजारांत चालणारं स्टेम सेल प्रत्यारोपण सोडून बाकी सगळं फक्त संशोधनात करता येतं, आणि संशोधनात पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी लाखाचं पॅकेज सांगायलं तर तिथंच उत्तर मिळालं. ऑक्सिजन चेंबरचा कॅनडात १११ लेकरांवर प्रयोग झाला, २००१ साली छापला. अर्ध्यांना दाबाखालचा ऑक्सिजन, अर्ध्यांना किंचित दाबाची साधी हवा. दोन्ही गट सारखेच सुधारले.

१५. सरकारी कुठं काय मिळतं?

जिल्हा रुग्णालयात डीईआयसी विचारा, म्हणजे लवकर तपासणी आणि उपचाराचं केंद्र, २०१३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं, १८ वर्षांपर्यंत फुकट. त्यांची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. मोठ्या तपासण्यांना संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेड आणि लातूरची मेडिकल कॉलेजं आहेतच. यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाचं सरकारी कार्ड काढा, ४० टक्के अपंगत्वापासून पुढं योजनांचा फायदा मिळतो, आणि केंद्राच्या नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना सेरेब्रल पाल्सीला लागू आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्च पण धरतात.

आणि डोळे! दिवस न भरलेल्या लेकराचा पडदा तपासून घ्यायचा, जन्मापासून तीस दिवसांच्या आत, फार लहान असेल तर त्याच्याही आधी. दिसलं नाही तर ते हात कशासाठी पुढं करेल.

१६. वडिलांच्या अंगावरून वारं गेलं. लकव्याचं औषध देणाऱ्या गावाला आधी न्यावं का दवाखान्यात? आणि हात कधी येईल?

दवाखान्यात, तेही सीटी स्कॅन असलेल्या. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कुणालाच कळत नाही. झाडपाल्याचं, कबुतराच्या रक्ताचं श्रेय असं तयार होतं बघा, मेंदूला आलेली सूज उतरली की पहिल्या काही आठवड्यांत बरंचसं आपोआप सुधारतं, आणि त्याच आठवड्यांत औषध घेतलेलं असतं.

पहिले तीन महिने सुधारणा सगळ्यात जोरात, नंतर हळू, पण दार बंद होत नाही. कमजोर हात धरून माणसाला उठवू नका, खांदा उतरतो. आणि मुठीत तो पिवळा हसरा बॉल देऊन दिवसभर दाबायला लावता ना, तो काढून घ्या आता, मूठ आवळणं त्यांना येतंच आहे, उघडणं येत नाही. प्र. ११ मधलं पिल्लू इथं पण लागू, जेवताना भाकरी त्याच हातानं धरू द्या, सांडू द्या.

१७. गाडीवरून पडून डोक्याला मार लागला, हात-पाय हलतात सगळे, पण माणूस पहिल्यासारखा नाही.

जोराच्या झटक्यात मेंदूतले लांब धागे ठिकठिकाणी ताणले-तुटतात, साध्या स्कॅनमध्ये फारसं दिसत पण नाही. ताकद असते पण तोल जातो, चालता चालता कुणी बोललं की पाय अडतो, राग लगेच येतो. घरच्यांना वाटतं दारू-बिरू घेतोय का. चालण्याचा सराव आधी शांत ठिकाणी, मग बोलत बोलत, मग बाजारात.

१८. झोपेत हात एकदम मोकळा असतो, उठला की वाकडा. देवऋषी करणी म्हणतो, मास्तर नाटक म्हणतात.

दोघंही चुकतात. आतल्या गाठींच्या बिघाडात (प्र. ९) हालचाल जागेपणी उसळते, झोपेत शांत होते, आणि "सरळ कर" म्हटलं की उलट जास्त वाढते, कारण प्रयत्न केला की नको त्या हालचाली पण सुटतात. पाहुणे आले, फोटो काढायला लागले, की अजून. ही लेकरं बऱ्याचदा हुशार असतात, बोलता येत नाही म्हणून कुणाला कळत नाही. त्याला डोळ्यानं हो-नाही सांगायला शिकवा, आणि आधी मास्तरला घेऊन या माझ्याकडं.

१९. बाबांचा हात चार महिने जागचा हलला नाही, पण जांभई देताना आपोआप वर गेला! आम्ही सगळ्यांनी बघितलं. बरा व्हायलाय का?

बघितलं ते खरं आहे, भास नाही. जांभई मेंदूच्या बुडातून, जुन्या भागातून निघते, तिला वरच्या पट्टीची परवानगी लागत नाही, आणि तिचा हुकूम दुसऱ्या वाटेनं हातापर्यंत जातो. जांभई संपली की हात खाली. असंच हसण्याचं पण असतं, "दात दाखवा" म्हटलं की तोंड एका बाजूला वाकडं, आणि नातवानं काही गंमत केली की दोन्ही गाल सारखे हसतात. म्हणजे मोटर शाबूत आहे, मणक्यापासून हातापर्यंतची वायर शाबूत आहे, पण वरून जाणून-बुजून दिलेला हुकूम अजून पोचत नाही. एवढ्यावरून बरं होतंय की नाही ते सांगता येत नाही. एकानं तर वडिलांना दिवसभर समोर बसून जांभया देऊन दाखवल्या, त्यांना पण याव्यात म्हणून. हात दर वेळी वर गेला. बोटं मात्र तशीच. त्यापेक्षा टेबलावर हात ठेवून, खाली पावडर टाकून, बोटभर पुढं सरकतोय का ते रोज दहा मिनिटं बघा, आणि सरकला तर खडूनं रेघ मारून ठेवा.